शेपटाचा घेवडा

आमच्या भाचीला घरात सगळे शेपूट म्हणतात. नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. चालायला लागल्यापासून ती आईच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, मागे मागे असायची. ताई दुकानात तर ही दुकानात, ताई गच्चीवर तर ही गच्चीवर. "ताई, तुझं शेपूट दारात अडकलंय बघ," असं तो एकदा म्हणाला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यामुळे विद्यापीठात शिकायला ती एकटी आमच्याकडे राहायला येणार, असं ठरलं तेव्हा त्याला पहिली काळजी तीच पडली. "शेपूट येईल गं. पण पुढचं जनावर बरोबर नसताना ते हलणार कसं?"

"स्वतःच्या बहिणीला जनावर म्हणतोस?"

"लाडाने."

पुढचं जनावर पोचवायला आलंच. ताईंनी आल्या आल्या पदर खोचल्यासारख्या थाटात मागच्या खोलीचा ताबा घेतला. कपाट पुसलं, पुस्तकांना कव्हरं घातली, टेबल खिडकीपासून हलवलं ("बाहेर बघत बसेल") आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. उठायचं कधी, आंघोळ कधी, कुठला विषय कधी, सगळं त्यात होतं. शेपूट पलंगावर बसून पाय हलवत बघत होती. मी म्हटलं, "ताई, तिला करू द्या ना थोडं." ताई म्हणाल्या, "अगं, एकदा बेतून दिलं की शिवेल ती बरोबर."

हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं, आणि ते त्यांच्या धंद्यातलं होतं. ताई कपडे शिवतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. भाओजी मालाच्या ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, त्यामुळे घर आणि दुकान दोन्हींचा कारभार ताईंचा. शेपूट वाढली ती त्या दुकानातल्या मोठ्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात. हात तिचा आईसारखाच. काजं, बटणं, अस्तर लावणं, दुमड घालणं, काहीही द्या, टाका सरळ. पण टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करायच्या आणि कात्री चालवायची, म्हणजे बेतायचं, ते काम ताईंचं. तिथे लेकीला काय, कुणालाच हात लावू देत नसत. "शिवण चुकली तर उसवता येते. कात्री चुकली की गिऱ्हाईकाला तोंड दाखवता येत नाही," म्हणायच्या.

गंमत अशी, की अभ्यासाचंही त्यांनी तेच केलं. शाळेचं पुस्तक आलं की ताई ते टेबलावर घ्यायच्या, पानं उलटायच्या आणि शिंप्याच्या त्याच निळ्या खडूने समासात खूण करायच्या. आजचं काम इथून इथपर्यंत. शेपूट तेवढं करायची, चोख करायची, आणि संध्याकाळी मशीन चालवता चालवता ताई ते विचारायच्या. अशा रीतीने ती वर्गात कायम वर राहिली. तिच्या सगळ्या पुस्तकांच्या समासात निळी भुकटी असायची. मी एकदा तिचं जुनं पुस्तक चाळलं तर बोटं निळी झाली.

जाताना ताईंनी माझ्या हातात खडूचा एक तुकडा दिला. "संध्याकाळी ती पानांचे फोटो पाठवेल. मी सांगेन कुठून कुठपर्यंत. तू तेवढी खूण करून दे."

मी तो तुकडा स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवला.

पहिल्या दिवशी शेपूट विद्यापीठातून आली ती दारातूनच बोलत. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे.

"मामी, तिथल्या ग्रंथालयात पुस्तक हवं असेल तर कुणाला मागावं लागत नाही! आपण आत जायचं, आपण घ्यायचं! वरच्या फळीसाठी शिडी आहे, चाकाची शिडी. मी त्यावर चढले."

"काय घेतलंस?"

"काही नाही. नुसती चढले."

वनस्पतिशास्त्र विभागाचं तर तिने इतकं वर्णन केलं, की मला तिथला वास यायला लागला. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, त्यांत बरण्या, बरण्यांत कंदमुळं. शेवटी प्रयोगशाळा. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तिने कसल्याशा देठाचा पातळ काप पाहिला. "मामी, आत गोल गोल खोल्या असतात. प्रत्येक देठात! आपण भाजी निवडतो ना, तेव्हा आपल्याला काही कळतच नाही आपण काय मोडतोय ते." त्या दिवशी तिने माझ्या भाजीची एक काडी धड ठेवली नाही. सगळ्या मोडून उजेडात धरून बघितल्या. मामा ताटावर बसून विचारत होता, "आज बघूनच पोट भरायचं आहे का?"

तर अशी ती रमली. सकाळी घाई, संध्याकाळी बडबड. फक्त दिवेलागणीला फोन वाजला, की तिचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा व्हायचा. फोटो जायचे, तिकडून ताईंचा हुकूम यायचा, आणि ती पुस्तक घेऊन माझ्याकडे यायची. "मामी, इथून इथपर्यंत." मी कणीक भरल्या हाताने खडू शोधायची.

पण पंचाईत लवकरच सुरू झाली. विद्यापीठातली पुस्तकं जाड, आणि शिकवणारे पुस्तकाप्रमाणे शिकवत नाहीत. एक जण मधलं प्रकरण आधी घेणार, दुसरे म्हणणार पुस्तकं चाळा आणि आपापलं ठरवा. ताई तिकडून विचारायच्या, "पण धडा कितवा?" शेपूट म्हणायची, "आई, धडा नसतोच." "धडा नाही म्हणजे? शिकवतात काय मग, हवा?"

विभागात एक मॅडम होत्या. केस बारीक कापलेले, नखांत माती, बोलणं तुटक. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या अगदी थोड्या मुलांना त्या घेत. ज्याला जागा मिळाली त्याला वर्षभर स्वतःचं टेबल आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून दोन मिनिटं डोळा लावायचा. त्यांची अट एकच होती. जागा हवी असेल त्याने जिवंत झाडाबद्दल स्वतःचा एक प्रश्न आणायचा आणि सत्र संपेपर्यंत त्यावर काहीतरी करून दाखवायचं. उत्तर सापडलं नाही तरी चालेल.

शेपूट त्या टेबलावर लट्टू झाली. खिडकीजवळचं टेबल, त्याला खण, खणाला किल्ली. ती झोपेतही त्याबद्दल बोलत असेल. "मामी, मला ते मिळालंच पाहिजे."

"मग आण की प्रश्न."

"तीच तर गोची आहे. कुठला आणू?"

मग तिने घरात सगळ्यांकडून प्रश्न गोळा करायला सुरुवात केली. मामाला विचारलं, "मामा, झाडाकडे बघून तुला काय प्रश्न पडतो?"

"याच्या सावलीत खुर्ची बसेल का?"

"मामी, तुला?"

मी तेव्हा मागच्या गॅलरीत माझ्या घेवड्याशी भांडत होते. कुंडीत लावलेला घेवडा चांगला वर आला होता, पण मी त्याला दोरीवर नीट गुंडाळून ठेवला, की दुसऱ्या दिवशी तो सुटून लोंबायचा. मी म्हटलं, "मला एवढाच प्रश्न पडतो, की हा माझं का ऐकत नाही."

ती हसली आणि फोन घेऊन आत गेली. शेवटी नेहमीप्रमाणे ताईंनीच तोड काढली. आलेले फोटो चाळून त्यांनी फोनवर सांगितलं, पानांचे आकार घे. वेगवेगळी पानं आण, इस्त्रीखाली दाब, चिकटव, खाली नावं लिही. सुबक दिसेल. जाड कागदसुद्धा त्यांनीच पाठवला, प्रत्येक कागदाला कडेने बारीक टीप घातलेली. शेपटाने मान मोडून काम केलं. पानं इतकी नेटकी चिकटवली होती, की हात लावावासा वाटू नये. मी कौतुक केलं. खोटं नाही, मलाही ते फार आवडलं होतं.

मॅडमनी ते सगळं शांतपणे बघितलं म्हणे. मग विचारलं, "सुंदर आहे. यात प्रश्न कुठाय?"

शेपटाने एक कागद उलटला, मग दुसरा.

"हे करायचं कुणी ठरवलं?"

"आईने."

वर्गात हशा झाला. मॅडम म्हणाल्या, "मग मी तुझ्याशी कशाला बोलू? आईला घेऊन ये."

आता कुणालाही कळेल, की हा टोमणा होता. पण आमच्या शेपटाला शाळेत शिक्षकांनी 'आईला घेऊन ये' म्हटलं की आई यायची. तिने घरी येऊन रडवेल्या आवाजात फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ताई दुकानाला कुलूप घालून, दारावर 'आज बंद' अशी पाटी अडकवून, पहिल्या बसने आमच्या दारात हजर.

"अगं ताई, ती बाई तसं बोलली असेल नुसती," नवरा म्हणाला.

"बोलावलंय ना? मग जायला नको? तू गप्प बस, तुझ्या शाळेत आई किती वेळा आली होती ते काढू का?"

त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

मी बरोबर गेले. ताईंनी ठेवणीतले कपडे घातले होते. तो लांब बोळ, त्या बरण्या बघत त्या जपून पाय टाकत होत्या. मॅडमच्या खोलीत कागदांचे ढीग आणि खिडकीत कुंड्या होत्या. आम्ही तिघी आत शिरल्यावर मॅडमनी मान वर केली.

"मी हिची आई," ताई म्हणाल्या. "तुम्ही बोलावलंत म्हणून आले. काय चुकलं तिचं?"

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या उठल्या, खुर्चीवरचे कागद उचलले, ते कुठे ठेवावेत कळेना म्हणून परत तिथेच ठेवले. "अहो, मी ते आपलं बोलून गेले. तुम्ही खरंच... कुठून आलात?"

ताईंनी सांगितलं.

"माझंच चुकलं. बसा ना. बसा." मग त्यांनी खुर्ची खरंच रिकामी केली. आमच्यासाठी चहा मागवला. तो येईपर्यंत कागदांचे ढीग उगाच सारखे केले. शेवटी मॅडमनी विचारलं, "आता आलाच आहात, तर सांगा. पानांचे आकार का निवडलेत?"

"शोभतं म्हणून. आणि पाठ करायला सोपं."

"तुम्हाला स्वतःला झाडांबद्दल काही प्रश्न पडतो?"

"मला?" ताईंना हसू आलं. "मला कापडाबद्दल पडतात. तेच पुरतात."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "कारण कापड तुमचं काम आहे." मग त्या शेपटाकडे वळल्या. "आणि तुला?"

शेपटाने आईकडे बघितलं.

"तिकडे नाही. मी तुला विचारलं."

तिने खाली बघितलं. मग खिडकीकडे. ताईंचा हात नकळत पुढे आला होता, लहानपणी तिला पायरी उतरताना धरायच्या तसा. तो त्यांनी मागे घेतला आणि पर्सचा बंद चाचपत बसल्या. मॅडमनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, "एक जागा अजून आहे. सत्र संपेपर्यंत मी ती भरत नाही. प्रश्न आणलास तर तुझी. आईला मात्र आणू नकोस, त्यांचं दुकान बंद राहतं."

घरी पोचल्यावर ताईंनी तोंडावर पाणी मारलं आणि जणू काही झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "चल, आण ते पुस्तक. आपण दुसरं बघू. खडू कुठाय गं?"

मी खिडकीतून खडू काढून दिला.

"नको," शेपूट म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको, आई. तू खूण केलीस की मला फक्त तेवढंच दिसतं. बाकीचं पुस्तक दिसतच नाही."

हे बोलून ती स्वतःच दचकली आणि गॅलरीत निघून गेली. ताई खडू हातात धरून उभ्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "बघ कशी बोलायला शिकली," आणि त्यात राग किती आणि काय किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मी चहा टाकला. त्याला आधण येतंय, तोवर गॅलरीतून हाक आली.

"मामी! तू हा घेवडा कुठल्या बाजूने गुंडाळतेस?"

"बाजू कसली? हाताला येईल तसा."

"करून दाखव."

मी गेले. लोंबणारा शेंडा घेतला आणि दोरीभोवती फिरवला. ती डोळे बारीक करून बघत होती. "पुन्हा कर," म्हणाली. मी पुन्हा केलं. "तू घड्याळाच्या काट्यासारखी फिरवतेस. दरवेळी. आणि तो बघ, तो खाली स्वतः जिथे चढलाय तिथे काट्यांच्या उलट गेलाय. सगळीकडे उलट!"

मी वाकून बघितलं. खरंच. खालचे सगळे वेढे एकाच बाजूने होते, माझ्या बरोबर उलट्या बाजूने. इतके दिवस मी त्याला रोज पाणी घालत होते, रोज बोलणी ऐकवत होते, आणि एकदाही हे डोळ्यांना दिसलं नव्हतं.

"का पण?" शेपूट म्हणाली. "सूर्यामुळे? की कुंडी इथे ठेवली म्हणून? सगळे वेल असेच वळतात? मामी, त्याला कळतं कसं?" तिचा आवाज चढत चालला होता. "कुंडी फिरवली तर? अंधारात ठेवला तर?"

"हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" ताईंनी आतून विचारलं. "पान दाखव, मी बघते."

"पुस्तकात नंतर बघू! आधी बाहेर बघते!"

आणि ती जिन्यावरून धडधडत खाली गेली. ताई गॅलरीतून ओरडल्या, "अगं चपला तरी घाल!" खाली ती शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी पोचली होती. तिथल्या वेलात नाक खुपसलं. मग पुढच्या फाटकाशी. मग गॅरेजच्या भिंतीपाशी, जिथे गाडीखाली झोपलेला मेकॅनिक डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघायला लागला. तिथूनच तिने वर आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवले.

"आई! बाकीचे घेवड्यासारखेच, हा उलटा आहे! एकटाच उलटा आहे!"

"काय उलटं आहे?" ताईंनी मला विचारलं.

"वेल."

"आणि त्यात एवढं काय?"

"मला नाही माहीत, ताई. पण तिला आनंद कसला झालाय बघा."

ताई बघत राहिल्या. चहा उतू गेला तो कुणालाच कळला नाही.

त्यानंतर आमची गॅलरी गेली. मामाची खुर्ची गेली. तिथे कुंड्या आल्या, दोऱ्या आल्या, काड्या आल्या. काही घेवडे तिने सरळ वाढू दिले, काही उलटे गुंडाळून सैल दोऱ्याने अडकवले, काहींवर खोकं झाकलं, काहींची कुंडी रोज थोडी फिरवायची. मामा पेपर घेऊन दारात उभा राहून विचारायचा, "नागरिकांना आत प्रवेश आहे का?"

सकाळी उठल्या उठल्या ती आधी गॅलरीत. "मामी, सुटला! मी उलटा बांधलेला रात्रीत सुटला आणि शेंडा परत आपल्या बाजूने वळला!" हे ती अशा तऱ्हेने सांगायची, जसं काही घरात बाळ पहिल्यांदा उभं राहिलंय. मग विद्यापीठ. तिथे त्या चाकाच्या शिडीवर आता नुसती चढायची नाही, पुस्तकं घेऊन उतरायची. एक वाचलं की त्यात दुसऱ्याचं नाव असायचं, मग ते. भिंतीवरच्या आईच्या वेळापत्रकावर तिने एक कोरा कागद लावला आणि रोजचं रोज त्यावर लिहायला लागली. आईचा कागद फाडला नाही. खाली तसाच राहू दिला.

सगळं काही सुरळीत झालं असं मात्र नाही. वेलांच्या नादात रसायनशास्त्राकडे तिने पाठ फिरवली आणि चाचणीत सपाटून आपटली. पेपर घेऊन ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. मी पोळपाट पुसत होते. ती उभीच.

"काय गं?"

"तू काही बोलणार नाहीस?"

"काय बोलू? पेपर तुझा आहे."

"आई असती तर ओरडली असती."

"लावू का फोन?"

तिने जरा विचार केला. "नको. ओरडून झालं की मला मोकळं वाटतं आणि मी पुन्हा तेच करते." हे तिचं तिलाच नवीन होतं बहुतेक, कारण ती ते पुन्हा एकदा हळू म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती रसायनशास्त्राच्या सरांना जाऊन भेटली, आणि तिच्या कोऱ्या कागदावर रोज सकाळी घेवड्याच्या आधी रसायन दिसायला लागलं. कुरकुरत करायची, पण करायची.

दिवेलागणीचा फोन हळूहळू विरळ झाला. एकदा तर ती विसरलीच. मग माझा फोन वाजला.

"शेपूट बरी आहे ना?"

"छान आहे. खोक्याखाली डोकं घालून बसलीय."

"मग आज काय विचारू तिला?"

"ताई, नका विचारू. तीच सांगेल."

तिकडे मशीनची घरघर बराच वेळ ऐकू आली. मग ताई म्हणाल्या, "इथे कसं अगदी शांत शांत वाटतंय गं," आणि फोन ठेवला.

सत्राच्या शेवटी मॅडमपुढे मांडणी करायचा दिवस आला. शेपटाने सगळ्यांना बजावलं होतं, कुणीही यायचं नाही. ताईंनी 'बरं' म्हटलं आणि आदल्या दिवशी आमच्याकडे येऊन धडकल्या. "मी कुठे तिकडे जातेय? मी माझ्या भावाकडे आलेय." बरोबर लेकीसाठी कापड आणलं होतं, हिरवं, मऊ. "टेबल मिळो न मिळो, एक नवा पोशाख होईल."

सकाळी शेपूट दोन कुंड्या छातीशी धरून निघाली. मामा रिक्षापर्यंत उरलेल्या घेऊन गेला. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घाबरू नकोस. आधी नमस्कार कर, मग हळू बोल, मग..." आणि मध्येच थांबल्या. "जा. तुझं तुला ठाऊक."

मग आम्ही दोघी वाट बघत बसलो. ताईंनी जेवणाच्या टेबलावर ते कापड पसरलं, घडी मोडली, पुन्हा घातली. खडू काढला, ठेवला. "उलटा आहे म्हणजे काय होतं पण?" त्यांनी मला विचारलं. मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. घेवडा कुठेही ठेवा, उजेडात, अंधारात, कुंडी फिरवा, तो आपल्याच बाजूने वळतो. आपण जबरदस्तीने फिरवलेला जुना भाग दोऱ्याने राहतो अडकून, पण कोवळा शेंडा पुन्हा स्वतःची वाट धरतो.

ताई कापडावरची एक सुरकुती हाताने सरळ करत राहिल्या.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हाच कळलं. रडणारं माणूस तसं जिना चढत नाही.

"मिळालं! आई, तू? आई, मिळालं! खिडकीजवळचंच! किल्ली बघ!"

मग जे सुरू झालं ते एका दमात. मॅडमनी काय विचारलं, ही काय म्हणाली, मॅडम कशा कुंडीभोवती फिरल्या. "आणि त्यांनी विचारलं, हा एक वेल का मेला? मी म्हटलं, मी त्याला घट्ट बांधला म्हणून. उलट्या बाजूने राहावा म्हणून मी गाठच मारली. त्या म्हणाल्या, हे लिहिलंयस? मी म्हटलं, हो, पहिल्याच पानावर. मग त्या हसल्या, आई, त्या हसतात! मग मी सांगितलं, तो का वळतो ते मला अजून कळलेलं नाही, पण सूर्यामुळे नाही एवढं नक्की. आणि गॅरेजवरचा जो उलटा आहे ना, त्याचं बी आता मी लावणार आहे!"

"आणि हे ठरवलं कुणी, असं नाही विचारलं?" ताईंनी हळूच विचारलं.

"विचारलं की. मी म्हटलं, मी. फक्त घेवडा मामीचा."

ताईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले. नाकावर माती होती ती पुसली. मग एकदम कामाला लागल्यासारख्या टेबलाकडे वळल्या. कात्री उचलली. क्षणभर ती तोलली आणि मूठ लेकीकडे करून पुढे धरली. खडूही दिला. "हे घे. तुझंच कापड आहे. बेत तू. चुकलं तर चुकलं."

शेपटाने आधी कात्रीकडे बघितलं, मग आईकडे, मग हातातल्या निळ्या खडूकडे. तिचे डोळे चमकले.

"अगं, हाच हवा होता मला! कुंड्यांवर खुणा करायला! पेन कुंडीवर धड उमटत नाही. आई, कापड रात्री बेतते हं, नक्की, मी आणि तू. आता जाते, दुपारी प्रयोगशाळेला कुलूप लागतं, त्याच्या आत सगळ्या कुंड्या टेबलावर मांडायच्यात!"

खडू खिशात आणि ती जिन्यात.

"अगं माझा खडू!" ताई ओरडल्या.

"नवा घे!" खालून आवाज आला.

ताई कात्री हातात घेऊन तशाच उभ्या. मग हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसल्या. कात्री टेबलावर ठेवून त्या गॅलरीत गेल्या. तिथे आता माझा एकच घेवडा उरला होता. त्याचा शेंडा दोन बोटांत धरून त्यांनी हलकेच दोरीभोवती फिरवला, माझ्यासारखाच, उलट्या बाजूने.

"ताई, तो सुटणार उद्या."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी बघायचंय मला. मुक्काम वाढवते."